फ्लोरोसिस

फ्लोरोसिस : पिण्याच्या पाण्यातून दीर्घकाळ जादा फ्लोराइड शरीरात गेल्याने दात व हाडांना होणारा विकार. ग्रॅनाइटसारख्या खडकांतील फ्लोराइडयुक्त खनिजे भूजलात विरघळतात. त्यामुळे खोल विंधन विहिरींच्या पाण्यात त्याचे प्रमाण बरेचदा अधिक आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १.५ मिग्रॅ. ही मर्यादा सुचवली आहे.

लहानपणी, दात घडत असताना जादा फ्लोराइड मिळाल्यास दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात. पुढे ते हाडांत साठते, अस्थिबंध कठीण होतात, सांधे आखडतात व पाठीला बाक येतो. कुपोषितांना हा त्रास अधिक होतो. हाडांतील विकृती बरी होत नाही, म्हणून प्रतिबंध हाच खरा उपाय होय.

भारतात आंध्र प्रदेश, तेलंगणा, राजस्थान, गुजरात इ. राज्यांत, तर महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत हा विकार आढळतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी व चुना वापरून ते काढतात. सुरक्षित पाण्याचा पर्यायी स्रोत व कॅल्शियम, क जीवनसत्त्वयुक्त आहारही आवश्यक असतो.