ज्यांना कबर लाभली नाही

दरवर्षी २ नोव्हेंबरला, सर्व परलोकवासी भाविकांच्या स्मृतिदिनी, आपण दफनभूमीत जमतो. कबरी स्वच्छ करून त्यांवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडतात. मातीचा तो लहानसा उंचवटा जिवंतांना केवढा आधार देतो, हे ज्यांच्या माणसाला कबरच लाभली नाही त्यांना विचारावे. युद्धात समुद्रावर नाहीशा झालेल्या वैमानिकांची घरे अशीच आहेत. अशा दोन विमानांची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्हा पुसदकरांना समुद्र दूरचा. आमच्या पूस नदीचे पाणी पैनगंगेला मिळते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा लांबचा प्रवास करून सागरास पोहोचते. तरीही १९७१ चे युद्ध आम्हाला परके नव्हते. ३ डिसेंबरला ते पेटले तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते पुसदजवळच्या गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक.

९ डिसेंबरच्या रात्री दीवनजीक 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, आपल्या नौदलाचे एक 'अलिझे' विमान अरबी समुद्रावर उडाले. पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी फ्रान्समध्ये बांधलेले हे एका पंख्याचे, तीन जणांचे विमान. वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. त्याची गाठ पडली पाकिस्तानच्या 'स्टारफायटर'शी, ज्याचा वेग ध्वनीच्या दुप्पट. अलिझे पाडले गेले. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि त्यांचे सहकारी विजयन परतले नाहीत. त्याच जातीचे एक विमान गोव्यात बोगमाळो येथील नौदलाच्या संग्रहालयात ठेवलेले आहे.

पुढे दोनच दिवसांनी, १२ डिसेंबरला, पाकिस्तानचा एक स्टारफायटर जामनगरच्या विमानतळावर चालून आला. तो चालवीत होते विंग कमांडर मर्विन मिडलकोट; धर्माने ख्रिस्ती, १९६५ च्या युद्धात शौर्यपदक मिळविलेले. आपले फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी मिग विमानातून पाठलाग करून त्यांना कच्छच्या आखातावर पाडले. मिडलकोट विमानाबाहेर पडून पाण्यात कोसळताना सोनींनी पाहिले आणि त्यांच्या सुटकेसाठी तात्काळ मदत मागितली. शोध झाला, मिडलकोट सापडले नाहीत. सोनींना पुढे वीरचक्र मिळाले. परंतु आमच्या मते त्यांचे मोठेपण त्या मदतीच्या हाकेतही तेवढेच आहे. क्षणापूर्वीचा शत्रू पाण्यात पडताच त्यांच्या लेखी संकटातील माणूस झाला होता.

प्रेत मिळाले नाही म्हणजे घराचे काय होते? शोक करावा तर आशेशी प्रतारणा केल्यासारखे वाटते. आशा धरावी तर दिवसामागून दिवस ती जाळीत राहते. दारावरची प्रत्येक थाप काळीज हलविते. हे दुःख जसे रॉय, सिरोही आणि विजयन यांच्या घरी, तसेच सरहद्दीपलीकडे मिडलकोट यांच्या घरी.

येथे ख्रिस्तसभेचा इतिहास आपल्या मदतीस येतो. क्लुनीच्या मठाचे प्रमुख संत ओडिलो यांनी सुमारे ९९८ साली २ नोव्हेंबरची ही प्रथा आपल्या मठांत सुरू केली. पुढे पहिल्या महायुद्धात युरोपात लक्षावधी माणसे मरत असता पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१५ साली प्रत्येक धर्मगुरूला या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. पहिली कोणा विशिष्ट व्यक्तीसाठी असू शकते, तिसरी पोपमहोदयांच्या हेतूंसाठी असते. दुसरी मात्र सर्वच परलोकवासी भाविकांसाठी. त्या दुसऱ्या मिस्सेत सरहद्द नाही आणि गणवेशाचा रंगही नाही. शिवाय प्रत्येक मिस्सेत ख्रिस्तसभा आपल्या कुंपणाबाहेरच्या मृतांनाही परमेश्वराच्या दयेवर सोपविते.

कोणी म्हणेल, जामनगरवर चालून आलेल्याचे स्मरण आपण का करावे? प्रार्थना म्हणजे पदक नव्हे. ती कोणाची बाजू खरी ठरवीत नाही. ती न्यायनिवाडा परमेश्वराच्या हाती देते. सोनींनी देशाचे कर्तव्य चोख बजाविले आणि नंतर मदतीची हाक दिली. त्यांना या दोहोंत विरोध दिसला नाही; मग वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या आपल्याला तो का दिसावा?

म्हणून पुसदच्या कुटुंबांना आमची एक विनंती आहे. येत्या २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या की एक मेणबत्ती दफनभूमीतील क्रुसापाशी लावा. ज्यांना कबर लाभली नाही त्या सर्वांसाठी. सोबत मुलांना घ्या आणि ती कोणासाठी आहे हे त्यांना सांगा. रॉय, सिरोही, विजयन यांची नावे घ्या. मिडलकोट यांचेही घ्या. समुद्राने आपल्या पोटात ठेवलेले मृत एके दिवशी त्याला परत द्यावे लागतील, ही आपली श्रद्धा आहे. तोवर त्यांची आठवण जपणे आपल्याकडे आहे.