आठ तास, ऐंशी किलोमीटर : दिल्लीतल्या मराठी खुणांचा शोध

२१ ते २३ फेब्रुवारी २०२५ या तीन दिवसांत दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियमवर अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन दिल्लीला झाले होते, त्यानंतर सत्तर वर्षांनी हा योग आला. मंडपात, जेवणाच्या रांगेत, पुस्तकांच्या गाळ्यांवर एकच विषय पुन्हा पुन्हा निघत होता : मराठ्यांची दिल्ली. त्यात जागाही तालकटोऱ्याची. मार्च १७३७ मध्ये पहिला बाजीराव अचानक दिल्लीवर येऊन थडकला, तेव्हा बादशाही फौजेशी त्याची चकमक याच परिसरात झाली होती. आपल्या राज्यगीतात दिल्लीच्या तख्ताचा उल्लेख आहे आणि तो आल्यावर प्रत्येकाची छाती थोडी फुगते. माझीही फुगते.

मी साताऱ्याचा. बँकेतली नोकरी सांभाळून रविवारी मोडी शिकलो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. गेली वीस-बावीस वर्षे उत्तरेतल्या मराठी राजकारणाची छापील पत्रे वाचतो आहे. पत्रांतली दिल्ली ओळखीची झाली होती, पण पायाखालची दिल्ली नीट पाहिलेली नव्हती. संमेलन संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे लाल किल्ला बंद. म्हणून मंगळवारसाठी गाडी ठरवली. दिल्लीत गाडीचा हिशेब ठरलेला असतो : आठ तास, ऐंशी किलोमीटर, त्यावर जे होईल त्याचे वेगळे.

ड्रायव्हर साधारण माझ्याच वयाचा, मूळचा उत्तराखंडचा, पंचवीस वर्षे दिल्लीत गाडी चालवणारा. करोल बागेतून निघतानाच त्याने यादी म्हणून दाखवली : लाल किल्ला, जामा मशीद, राजघाट, इंडिया गेट, हुमायूनची कबर, कुतुबमिनार, लोटस टेम्पल. मी माझा कागद पुढे केला. त्यावर लाल किल्ल्याखाली लिहिले होते : बुराडी घाट, सफदरजंगची कबर, रहीमची कबर, नोएडा गोल्फ कोर्स. त्याने तो दोनदा वाचला. "बुराडी में देखने को क्या है, भाईसाहब?"

त्याच्या यादीलाही इतिहास आहे. १८४७ साली सय्यद अहमद खान यांनी 'आसार-उस-सनादीद' हा उर्दू ग्रंथ काढून दिल्लीतल्या जुन्या वास्तूंची पद्धतशीर नोंद केली. पुढे इंग्रजांची प्रवासी मार्गदर्शके आली, १९०४ साली प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि जे जपले गेले तेच पाहण्याजोगे ठरत गेले. ज्यांनी दगडात बांधले ते यादीत आले. ज्यांनी दिल्लीवर सत्ता गाजवली, पण बिऱ्हाड पुण्याला किंवा उज्जैनला ठेवले, त्यांना त्या यादीत यायला वाटच नव्हती.

लाल किल्ल्यावर मी त्याचेही तिकीट काढले. इतक्या वर्षांत असंख्य वेळा तो इथवर आला होता, आत मात्र एकदाच, तेही मुलगा लहान असताना. दिवाण-इ-खासपाशी आम्ही दोघे बाहेरच्या बाजूला उभे राहिलो. संगमरवरी खांब, त्यावरची फुलांची जडावाची नक्षी, वर रंगवलेले लाकडी छत. मयूरासन याच दालनात होते, ते १७३९ साली नादिरशहाने नेले, हे त्याला ठाऊक होते. मी त्याला वर बघायला सांगितले. हे छत एके काळी चांदीचे होते.

"वो भी नादिरशाह ले गया?"

"नहीं," मी म्हणालो. "वो हमारे लोगों ने उतारा."

ऑगस्ट १७६०. सदाशिवराव भाऊने दिल्लीचा किल्ला घेतला होता. समोर यमुनेपलीकडे अब्दाली, आणि आपल्या छावणीत लढवय्यांपेक्षा बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांचीच गर्दी जास्त. उत्तरेतला वसूल येत नव्हता. गोविंदपंत बुंदेल्याकडून ज्या पैशाची आणि रसदेची आशा होती ती पुरेशी पोचत नव्हती. दिल्ली हाती आली ती रिकामी. वीस वर्षांत नादिरशहा, अब्दाली आणि दरबारातले आपसांत झगडणारे वजीर यांनी तिच्यात काही शिल्लक ठेवले नव्हते. भाऊने दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडली. सुमारे नऊ लाख रुपये झाले, असा आकडा इतिहासग्रंथांत येतो. ते फार दिवस पुरले नाहीत. सूरजमल जाटाला हे कृत्य रुचले नाही आणि त्याने भाऊची साथ सोडली, त्यामागे हेही एक कारण सांगितले जाते. पुढच्या जानेवारीत पानिपत झाले.

हे सगळे मी तुटक्या हिंदीत सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग अगदी साधेपणाने त्याने विचारले, "तो आपके लोग यहाँ बनाकर क्या गए?"

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. मला मात्र त्याचे उत्तर तिथे उभ्या उभ्या देता आले नाही.

त्याच दालनाची दुसरीही एक गोष्ट आहे, ती मी त्याला बाहेर पडताना सांगितली. १७७२च्या जानेवारीत शाहआलम बादशहा अनेक वर्षांच्या परागंदा अवस्थेनंतर दिल्लीत परतला तो महादजी शिंद्यांच्या सोबतीने. ऑगस्ट १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने किल्ल्यात शिरून त्याच वृद्ध बादशहाचे डोळे काढले, शाहजाद्यांचे आणि जनान्याचे हाल केले. महादजीच्या फौजेने दिल्ली पुन्हा घेतली, गुलाम कादिरला पकडून ठार केले आणि आंधळ्या शाहआलमला परत तख्तावर बसवले. त्यानंतर १८०३पर्यंत किल्ल्यावर शिंद्यांचा पहारा होता. तख्त राखले हे खरे आहे. अठ्ठावीस वर्षे आधी त्याच दालनाचे छत आपणच उतरवले होते, हेही तितकेच खरे. संमेलनाच्या तीन दिवसांत पहिली गोष्ट मी निदान दहा वेळा ऐकली, दुसरी एकदाही नाही. मीसुद्धा ती काढली नव्हती.

किल्ल्यावरून गाडी उत्तरेकडे निघाली. बुराडीच्या वाटेवर कोरोनेशन पार्क लागतो. १८७७, १९०३ आणि १९११चे दिल्ली दरबार याच मैदानावर भरले. आज तिथे एक स्तंभ आहे आणि इंडिया गेटजवळच्या छत्रीखालून हलवलेला पंचम जॉर्जचा पुतळा आहे. तिथून थोड्याच अंतरावर बुराडी. घरे एकमेकांना टेकलेली, ई-रिक्षांची रांग, विटा-वाळूचे ढीग. यमुना दूर सरकलेली. १० जानेवारी १७६० रोजी, संक्रांतीच्या सुमारास, पाणी उतरलेल्या पात्रातल्या शेरणीच्या दाट बेटांतून अब्दाली आणि नजीबखानाचे लोक अलीकडे उतरले. त्यांना अडवताना दत्ताजी शिंदे पडला, जनकोजी जखमी झाला. दत्ताजीच्या तोंडचे अखेरचे वाक्य महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही पाठ असते.

नेमकी जागा दाखवणे आता कोणाच्याही हातात नाही. नदी पात्र बदलते. मी एका चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवायला सांगितली आणि आम्ही चहा घेतला. दत्ताजीचे इथे पडणे आणि दिवाण-इ-खासचे छत यांत एक सरळ दुवा आहे. ही बातमी दक्षिणेत पोचली तेव्हा उदगीरला निजामावर विजय मिळाला होता. त्या विजयी फौजेचा सेनापती म्हणूनच भाऊची उत्तरेच्या मोहिमेवर नेमणूक झाली. सूड आणि सत्ता दोन्हींसाठी निघालेली ती फौज काही महिन्यांतच पैशावाचून इतकी अडली, की बादशाही दालनाच्या छताला हात घालावा लागला. हे लिहिताना मी भाऊची वकिली करत नाही. उपाशी सैन्याचा सेनापती काय करतो, एवढेच ते आहे.

दुपारी सफदरजंगची कबर. हा अयोध्येचा नवाब आणि बादशहाचा वजीर. १७५२ साली मराठ्यांनी बादशाहीचे रक्षण करावे आणि त्याबदल्यात चौथाई-सरदेशमुखीचे हक्क घ्यावेत, असा जो करार झाला, त्यात त्याचा पुढाकार होता. 'तख्त राखण्या'चा कागदोपत्री उगम इथे आहे. ते रक्षण मोबदल्याचे होते, हे आपण सहसा बोलत नाही. १७५४ साली सफदरजंग वारला आणि त्याच्यासाठी लाल दगड-संगमरवराची ही भव्य कबर उभी राहिली. मुघल दिल्लीतली शेवटची मोठी कबर म्हणून ती ओळखली जाते.

तिथून निजामुद्दीनला अब्दुर्रहीम खानखानाच्या कबरीकडे गेलो. दोहे लिहिणारा रहीम, अकबराच्या पदरचा सरदार आणि आम्हा दख्खनवाल्यांना अहमदनगरच्या मोहिमांमुळे माहीत असलेला सेनापती. बायकोसाठी बांधलेल्या या कबरीत तो पुढे स्वतःही विसावला. तिचा घुमट आज बराचसा उघडा, चुन्याविटांचा दिसतो, कारण तिच्यावरचा संगमरवर आणि दगड काढून सफदरजंगच्या कबरीसाठी वापरला गेला. अलीकडे अनेक वर्षे खपून तिची डागडुजी झाली, तरी ते उघडेपण झाकलेले नाही. झाकलेले नाही तेच बरे.

ड्रायव्हरला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मतलब सब एक दूसरे का निकालते रहे." मी होय म्हणालो, पण मनात एक फरक टोचत राहिला. रहीमच्या कबरीचा दगड उतरवणाऱ्यांनी त्याची दुसरी कबर बांधली आणि ती यादीत गेली. आम्ही उतरवलेल्या चांदीचे रुपये झाले, रुपयांचा दाणागोटा झाला आणि तो पानिपताच्या वाटेवर संपला. उतरवणे दोन्हीकडे होते. आमच्या वाट्याला दाखवण्यासारखे काही उरले नाही. काल्काजीच्या मंदिराचा जुना भाग १७६४च्या सुमारास मराठ्यांनी बांधला, असे परंपरा सांगते. पण त्याच काल्काजीच्या रामनवमीच्या जत्रेत १७३७ साली बाजीरावाच्या फौजेने लूट केली होती. आणि त्याच बाजीरावाने दिल्ली शहर मात्र जाळले नाही. बादशहाशी बोलणे चालू ठेवायचे तर मर्यादा सोडून चालणार नाही, असा त्याचा हिशेब होता. चिमाजीअप्पाला लिहिलेल्या पत्रात तो त्याने स्वतःच मांडला आहे.

शेवटचा टप्पा यमुनेपलीकडचा. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला. त्या पलटणींचा सेनापती लुई बूर्कँ हा फ्रेंच होता. पाच दिवसांनी लेक किल्ल्यात जाऊन आंधळ्या शाहआलमला भेटला आणि तख्त राखण्याचे काम कंपनीकडे गेले. त्या विजयाचा स्तंभ आज नोएडा गोल्फ कोर्सच्या आवारात आहे. आत जायला आधी परवानगी काढायला हवी होती, ती मी काढली नव्हती. चूक माझीच. फाटकाबाहेर गाडी उभी करून आम्ही दोघे हिरवळीकडे बघत राहिलो. मराठ्यांच्या दिल्लीशी संबंधित म्हणून मी दिवसभरात शोधलेल्या खुणांपैकी ताठ उभा असलेला दगड हाच, आणि तो आपल्या पराभवाचा, जिंकणाऱ्यांनी रोवलेला.

परतताना वाहने तुंबली होती. सकाळचा प्रश्न अजून माझ्यावर उधार होता, म्हणून मी त्याला हिंगण्यांविषयी सांगितले. पेशव्यांची दिल्लीतली वकिली बरीच वर्षे हिंगणे घराण्याकडे होती. महादेवभट आणि त्याचे मुलगे बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम इथे राहत, दरबारात बसत आणि पुण्याला लिहीत : कोण कोणाला भेटला, वजिराचे मन कुठे आहे, पैसा कसा मिळत नाही. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी 'दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे' या नावाने अशी पत्रे छापली, भारत इतिहास संशोधक मंडळाने 'हिंगणे दफ्तर' काढले. पडत्या बादशाहीचे इतके जवळून, इतके रोजचे वर्णन थोड्याच भाषांत असेल. आणि त्यात आपली फुशारकी कमी, अडचणी जास्त. पैशाची ओढ, कर्ज, फसलेले तह, न आलेली रसद, सगळे घरच्या माणसाला सांगावे तसे लिहिलेले. आज ते मूळ कागदांतून वाचायचे तर मोडी यायला हवी. ती येणाऱ्या माझ्या ओळखीतल्या माणसांत बहुतेकांची साठी उलटली आहे.

"तो आपका लाल किला कागज़ का है," तो म्हणाला. मला हसू आले. गाडी अजून पुलावरच होती.

करोल बागेत पोचलो तेव्हा मीटरवर एक्क्याण्णव किलोमीटर झाले होते. वरच्या अकरांचे पैसे त्याने घ्यायला आढेवेढे घेतले, मी दिले. निघताना तो म्हणाला, पुढे कोणी महाराष्ट्रातून आले तर त्यांना बुराडीला नेईन आणि किल्ल्यात ती चांदीवाली गोष्ट सांगेन. मी म्हटले, सांगा. फक्त आंधळ्या बादशहाचीही सांगा. आणि कोणी फक्त आंधळ्या बादशहाचीच ऐकायला मागितली, तर चांदीची आधी सांगा.