घरातली अडगळ: मांडणी घरीच कशी बनवाल?
१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत हजारो छोटी घरं बांधली. अशा घरात जमीन कमी पडते, भिंत मात्र रिकामी राहते. तिथेच मांडणी करा.

प्लायवूडचा तक्ता ८ बाय ४ फुटांचा मिळतो. त्यातून साधारण १ फूट रुंद, ४ फूट लांब अशा ८ फळ्या निघतात. दर २ फुटांवर आधार द्या, कारण आधारांमधलं अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच वजनाने फळी आठपट वाकते.

पावसाळी दमट हवेसाठी ‘आयएस ७१०’ शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या. कापलेल्या कडा आधी पाणी शोषतात, त्या रंगवून बंद करा. जड डबे खाली ठेवा. शेवटी मांडणी भिंतीला स्क्रूने पक्की करा, नाहीतर मूल वर चढताच ती त्याच्या अंगावर कोसळेल.