कंठसंगीत, पाश्चात्त्य अभिजात : संज्ञा व गायनप्रकार

युरोपात चर्च, दरबार आणि रंगभूमी यांच्या आश्रयाने वाढलेली गायनपरंपरा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज चर्चबरोबर ती गोव्यात आली व तेथील चर्चशाळांमधून रुजली. दो, रे, मि, फा या अक्षरांनी स्वर ओळखून लिपीबद्ध संगीत गाण्याचे शिक्षण, म्हणजे सोल्फेज, मुलांना या शाळांत मिळे. रागसंगीतात स्वरामागून स्वर येऊन आकृती घडते. पाश्चात्त्य गायनात त्याच्या जोडीला भिन्न स्वर एकाच वेळी उमटतात आणि बहुतेक संज्ञा त्यातूनच निघतात.

मूलभूत संज्ञा : दोन स्वरांमधील अंतराला ‘इंटरव्हल’ म्हणतात. सा ते शुद्ध ग हा मेजर थर्ड, तर सा ते कोमल ग हा मायनर थर्ड. मेजर स्केलचे स्वर बिलावल थाटाचे. नैसर्गिक मायनरचे आसावरी थाटाचे. सा-ग-प एकत्र वाजले की ‘कॉर्ड’ होते आणि अशा कॉर्डांच्या सुसंगत वाटचालीला ‘हार्मनी’ म्हणतात. दोन किंवा अधिक स्वतंत्र चाली एकमेकींना धरून चालवण्याची कला म्हणजे ‘काउंटरपॉइंट’. समूहगायनात सामान्यतः चार आवाज असतात : सोप्रानो व आल्टो स्त्रियांचे, टेनर व बास पुरुषांचे, प्रत्येक जोडीतील पहिला आवाज उंच, दुसरा खालचा.

गायनप्रकार : ग्रेगोरियन चँट ही एकाच चालीत गायची, मुक्त लयीची प्रार्थना आहे. ‘मास’मध्ये उपासनेचे ठरावीक लॅटिन पाठ संगीतबद्ध होतात, तर मोटेट ही धार्मिक वचनावरील बहुस्वरी रचना असते. मॅड्रिगल लौकिक काव्यावर रचला जातो. ऑपेरामध्ये नाट्य गायनातून उलगडते : कथानक पुढे नेतो तो बोलण्याच्या जवळ जाणारा रेसिटेटिव्ह, तर भावना खुलवते ती आरिया. माँतेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ (1607) हा या प्रकारातील आरंभीचा टप्पा. ऑरेटोरिओत कथा असते, पण अभिनय व नेपथ्य नसते. हँडेलचा ‘मसाया’ हा ऑरेटोरिओ 1742 मध्ये डब्लिन येथे प्रथम सादर झाला. पियानोच्या साथीने गायचे जर्मन काव्यगीत म्हणजे लीड. शूबर्टने अशी सहाशेहून अधिक गीते रचली.

गोवा व मुंबई : ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात गोव्यातील चर्चमध्ये लॅटिन व कोंकणी मोटेट गायले जातात. एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या ख्रिस्ती घरांत फुललेला मांडो हा चर्चशाळांतील संगीतशिक्षणाचा सर्वांत मोलाचा स्थानिक आविष्कार होय. कोंकणी प्रेमगीत, संथ त्रिमात्रिक लय, बहुधा मायनर स्केल आणि थर्ड किंवा सिक्स्थ (सहाव्या स्वरापर्यंतच्या) अंतराने जोडीने चालणारे दोन आवाज, अशी त्याची घडण. साथीला व्हायोलिन व घुमट हे तालवाद्य. मागाहून द्रुत लयीचे दुलपद. कुडतरीचे लिगोरिओ कॉश्ता (1851–1919) व लोटलीचे तोर्क्वातो द फिगेरेदो (1876–1948) हे प्रमुख मांडोकार. त्यांनी युरोपीय स्वररचना केवळ उचलली नाही. तिला कोंकणी बोली आणि हृदय दिले.

मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी 1956 मध्ये परंज्योती अकॅडमी कोरस स्थापन केला. त्यांच्यानंतर कूमी वाडिया यांनी तो दीर्घकाळ चालवला आणि चार आवाजांत गाण्याची शिस्त शहराच्या संगीतजीवनात टिकवली. रागसंगीताला सरावलेल्या श्रोत्याने अशी रचना ऐकताना आधी बासची चाल पकडावी. वरचे आवाज तिच्यावर कसे उभे राहतात ते कळू लागले की हार्मनीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.