जावास्क्रिप्टमधील अपवाद आणि त्यांची हाताळणी

आज्ञावली चालू असताना एखादी आज्ञा पार पाडणे अशक्य झाले, की तिचा नेहमीचा क्रम तुटतो. या स्थितीस संगणकाच्या परिभाषेत ‘अपवाद’ म्हणतात. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा घडवली; अपवाद हाताळणारी ‘ट्राय-कॅच’ ही रचना मात्र तिच्या प्रमाणित रूपात १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आली. ‘ट्राय’मध्ये जोखमीच्या आज्ञा, ‘कॅच’मध्ये उपाययोजना आणि ‘फायनली’मध्ये काहीही घडले तरी करावयाची आवराआवर लिहिली जाते.

अपवादांचे मुख्य प्रकार भाषेनेच ठरवून दिले आहेत. अस्तित्वात नसलेल्या नावाचा वापर केल्यास ‘रेफरन्स एरर’ उद्भवतो. ‘अनडिफाइन्ड’ मूल्याचा गुणधर्म वाचू पाहिल्यास ‘टाइप एरर’. तर ऋण लांबीचा अ‍ॅरे मागितल्यास ‘रेंज एरर’. सदोष जेसन मजकूर उलगडताना ‘सिंटॅक्स एरर’ येतो व तो ‘कॅच’मध्ये पकडता येतो. आज्ञावलीच्याच व्याकरणात चूक असेल, तर मात्र ती फाइल मुळी चालतच नाही.

जावामध्ये प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र ‘कॅच’ लिहिता येतो. जावास्क्रिप्टमध्ये एका ‘ट्राय’ला एकच ‘कॅच’ असतो. म्हणून हाती आलेला अपवाद कोणत्या प्रकारचा आहे, हे ‘इन्स्टन्सऑफ’ने तपासावे, ज्यावर उपाय ठाऊक आहे तेवढाच हाताळावा आणि उरलेला ‘थ्रो’ने पुढे पाठवावा.

सर्व्हरशी होणाऱ्या व्यवहारात अधिक सावधगिरी हवी. ‘फेच’ वापरताना संपर्क तुटल्यास ‘टाइप एरर’ मिळतो. परंतु सर्व्हरने ४०४ किंवा ५०० असे उत्तर दिल्यास अपवाद उद्भवत नाही. त्यासाठी उत्तराचा ‘ओके’ हा गुणधर्म स्वतंत्रपणे पाहावा लागतो. तसेच ‘अवेट’ लिहायचे राहिले, तर नंतर येणारे अपयश ‘कॅच’पर्यंत पोहोचतच नाही.

सर्वांत घातक ठरतो तो रिकामा ‘कॅच’. परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या उमेदवाराचे उदाहरण घेता येईल. सर्व्हरने अर्ज नाकारला, आज्ञावलीने तो अपवाद गिळला आणि पडद्यावर ‘अर्ज जमा झाला’ असे उमटले, तर मुदत टळेपर्यंत उमेदवारास त्याचा पत्ताही लागणार नाही. अर्ज जमा झाला नसल्याचे स्पष्ट सांगणारा संदेश दिसला असता, तर निदान पुन्हा प्रयत्न करण्याची संधी त्याच्या हाती राहिली असती.