तात्या विंचू नुसती कॉपी आहे का?

'झपाटलेला' म्हणजे 'चाइल्ड्स प्ले'ची कॉपी, असं कुणी म्हटलं की आमच्या जालन्यात माझं हमखास भांडण होतं. तो अमेरिकन सिनेमा 1988चा, महेश कोठारेंचा 1993चा. मरणारा गुंड मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो, इथपर्यंत उसनं आहे, मान्य. पण तिकडे बाहुला जातो सहा वर्षांच्या पोराकडे. इकडे लक्ष्याकडे, आणि लक्ष्या म्हणजे बोलक्या बाहुल्यांच्या नादाचा माणूस! बाहुला खरंच बोलला, तरी लोकांना वाटणार हाच बोलतोय. सांगायचं कुणाला? खरी भीती तिथंय.

ही भीती अस्सल आपल्याकडची. तात्याचा बाहुला घडवला रामदास पाध्यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये अर्धवटरावाला घेऊन खेळ करायचे. ज्या बोलक्या बाहुल्यांवर महाराष्ट्र पोट धरून हसला, त्यांचाच भाऊबंद इथं गळा धरतो. (अंबडला आत्याच्या शोकेसमधली बाहुली आम्ही रात्री भिंतीकडे तोंड करून ठेवायचो.)

2013ला दुसरा भाग आला, तोही थ्रीडीत. पण लक्ष्मीकांत बेर्डे 2004लाच गेले होते. तात्या तोच होता. त्याला घाबरणारा लक्ष्या नव्हता.