जीपीएस मॉड्यूलद्वारे कालमापन

जीपीएस मॉड्यूलद्वारे कालमापन म्हणजे स्थाननिश्चितीसाठी तयार केलेल्या लहान जीपीएस रिसीव्हरचा अचूक घड्याळ म्हणून केलेला उपयोग होय. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरतात व प्रत्येकावर अणुघड्याळे असतात. रिसीव्हरला अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळाची चूक अशा चार अज्ञात राशी शोधाव्या लागतात, म्हणून किमान चार उपग्रहांचे संदेश आवश्यक ठरतात. चौथी राशी सापडताच मॉड्यूलमधील साधे घड्याळ उपग्रहांच्या घड्याळांशी जुळते. हौशी इलेक्ट्रॉनिक्समध्ये या गुणधर्मामुळे प्रयोगशाळेच्या दर्जाची वेळ अल्प खर्चात उपलब्ध झाली आहे.

पार्श्वभूमी

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये पूर्ण केलेल्या मुंबईतील कुलाबा वेधशाळेचा एक हेतू बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरवणे हा होता. ही वेळ ताऱ्यांच्या वेधांवरून काढली जाई. १८४१ पासून तेथे भूचुंबकीय नोंदीही होऊ लागल्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहाचा उपद्रव टाळण्यासाठी चुंबकीय वेधांचे काम १९०४ मध्ये अलिबागला सुरू झाले. या परंपरेतून उभ्या राहिलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज नवीन पनवेल येथे आहे. चुंबकीय नोंदीइतकीच तिच्या क्षणाची नोंदही महत्त्वाची असते. २ सप्टेंबर १८५९ च्या महाचुंबकीय वादळाची कुलाब्याची नोंद आजही अभ्यासली जाते, कारण त्या नोंदीत मूल्यासोबत वेळही लिहिलेली आहे. घरी चुंबकमापक वा भूकंपमापक बांधणाऱ्या हौशी व्यक्तीसमोरही हाच प्रश्न असतो.

स्पंद आणि वाक्य

मॉड्यूल वेळ दोन मार्गांनी देते. पहिला मार्ग अनुक्रमिक वाहिनीवरून येणाऱ्या एनएमईए वाक्यांचा. त्यांत दिनांक व वेळ अक्षरांत लिहिलेली असते. ९६०० बॉड या नेहमीच्या वेगाने एक अक्षर पोहोचण्यास सुमारे १.०४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ७० अक्षरांचे वाक्य पूर्ण होईपर्यंत सुमारे ७३ मिलिसेकंद उलटतात. शिवाय वाक्य कधी सुरू होईल हे मॉड्यूलमधील गणनेच्या भारावर अवलंबून असल्याने हा विलंब दर सेकंदाला बदलतो. केवळ वाक्यावर लावलेले घड्याळ भिंतीवर टांगण्यापुरते बरे.

दुसरा मार्ग म्हणजे दर सेकंदाला एकदा येणारा विद्युत स्पंद. त्याची चढती कड सेकंदाचा आरंभ दर्शवते. यू-ब्लॉक्स कंपनीच्या निओ-६एम या लोकप्रिय मॉड्यूलच्या माहितीपत्रकात या स्पंदाची अचूकता ३० नॅनोसेकंद दिली आहे. स्पंद कोणत्या सेकंदाचा हे मात्र तो स्वतः सांगत नाही. ते त्याच्यानंतर येणाऱ्या वाक्यातून कळते. हा क्रम उलटा समजल्यास घड्याळ नेमके एक सेकंद चुकते. अशी चूक सर्वांत फसवी असते, कारण स्पंद नियमित येत राहतात आणि तपासणीत काहीच बिघडलेले दिसत नाही.

बाजारातील अनेक स्वस्त मंडलांवर केवळ वीज, भूसंपर्क, प्रेषण व ग्रहण अशा चार पिना असतात आणि स्पंद फक्त मंडलावरील लहान दिव्यापर्यंत नेलेला असतो. तो मिळवण्यासाठी दिव्याच्या रोधकावर तार डाखवावी लागते. आर्डुइनो उनोवर हा स्पंद ८ क्रमांकाच्या पिनेला जोडल्यास सूक्ष्मनियंत्रकाचा कालगणक त्याचा क्षण ६२.५ नॅनोसेकंदांच्या पायरीने टिपतो. सॉफ्टवेअरमधील सामान्य गणनेची पायरी ४ मायक्रोसेकंदांची असते. रास्पबेरी पायवर स्पंद थेट लिनक्सच्या गाभ्याला देऊन क्रोनीसारख्या प्रणालीद्वारे घरातील सर्व संगणकांना वेळ पुरवता येते.

जीपीएस वेळ

जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० पासून अखंड मोजली जाते व तिच्यात लीप सेकंद धरले जात नाहीत. त्यामुळे १ जानेवारी २०१७ पासून ती समन्वित वैश्विक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रहांच्या संदेशातून कळतो. पण संपूर्ण संदेश १२.५ मिनिटांचा असल्याने नुकतेच सुरू झालेले जुने मॉड्यूल तोवर काही सेकंद चुकीची वेळ दाखवू शकते आणि मग अचानक उडी घेते. मूळ संदेशात आठवड्यांचा क्रमांक १० बिटांत साठवलेला असल्याने दर १०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. असे १९९९ व २०१९ मध्ये घडले आणि २०३८ मध्ये पुन्हा घडेल. तयारी नसलेले मॉड्यूल त्यानंतर सुमारे १९.६ वर्षांपूर्वीचा दिनांक दाखवते, स्पंद मात्र बिनचूक देत राहते.

अचूकतेच्या मर्यादा

माहितीपत्रकातील आकडा मोकळ्या आकाशाखालचा असतो. पत्र्याच्या छपराखाली संकेत जवळपास पोहोचत नाही, तर इमारतींच्या दाटीत तो भिंतींवरून परावर्तित होऊन उशिरा येतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंमी जातो, हे लक्षात घेतल्यास या उशिराचे महत्त्व कळते. अँटेनाच्या तारेतही प्रतिमीटर सुमारे ५ नॅनोसेकंद जातात. गच्चीवरून आणलेली १० मीटर तार स्पंदाला ५० नॅनोसेकंद मागे ढकलते. ही चूक स्थिर असल्याने वजा करता येते.

आयनांबरामुळे होणारा विलंब मात्र स्थिर नसतो. चुंबकीय विषुववृत्त भारतात तिरुनेलवेलीजवळून जाते आणि पनवेल त्याच्या उत्तरेकडील, दाट आयनांबराच्या पट्ट्याच्या प्रभावाखाली आहे. सौर सक्रियतेच्या काळात या पट्ट्यात विलंब पन्नास नॅनोसेकंदांहून अधिक होऊ शकतो व एक-वारंवारता मॉड्यूलमधील प्रतिमान त्यातील साधारण निम्माच दुरुस्त करते. सूर्यास्तानंतर, विशेषतः विषुवदिनांच्या आसपासच्या महिन्यांत, संकेताची तीव्रता भराभर बदलून उपग्रहांवरील पकडही सुटू शकते. भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधनात आयनांबराच्या अशा घडामोडींचा समावेश आहे. कोकणातील हौशी निरीक्षकाने युरोपातील प्रयोगांचे आकडे आपल्या उपकरणास जसेच्या तसे लावू नयेत, ते यामुळेच.

कालमापनासाठी बनवलेल्या मॉड्यूलमध्ये अँटेनाचे स्थान एकदा निश्चित करून ठेवता येते. मग एकच अज्ञात राशी उरते आणि एका उपग्रहावरही वेळ मिळू शकते.

उपयोग

साध्या क्वार्ट्झ स्फटिकाची २० दशलक्षांश त्रुटी दिवसाला १.७ सेकंद होते. जीपीएस स्पंद अल्पकाळात थोडा थरथरतो, पण दीर्घकाळात भरकटत नाही. उष्ण कोठडीतील स्फटिकदोलकाचे वर्तन याच्या उलट असते. दोहोंचा मेळ घालून १० मेगाहर्ट्‌झचा संदर्भ दोलक बनवणे हा हौशी रेडिओचालकांचा आवडता प्रकल्प आहे. जर्मनीत सुरू झालेल्या ब्लिट्झऑर्टुंग या जाळ्यातील हौशी केंद्रे विजेचा रेडिओ आवाज पोहोचल्याच्या वेळांवरून ती कोठे कडाडली हे शोधतात. तेथे एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरचा फरक. चंद्रामागे वा लघुग्रहामागे तारा झाकला जाण्याचा क्षण टिपणारे हौशी खगोलनिरीक्षक स्पंदावर चमकणारा दिवा चित्रफितीत घेतात.

नाविक

भारताच्या नाविक प्रणालीचे सुरुवातीचे उपग्रह एल-५ व एस पट्ट्यांतच संकेत देत असल्याने केवळ एल-१ पट्टा घेणाऱ्या स्वस्त मॉड्यूलना ते मिळत नाहीत. आयआरएनएसएस-१ए या पहिल्या उपग्रहावरील तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे बंद पडली होती. २९ मे २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ असून तो एल-१ पट्ट्यातही संकेत देतो. हा संकेत वापरण्यासाठी मात्र मॉड्यूलमध्ये नाविकची सोय असावी लागते. निओ-६एममध्ये ती नाही.